द्वीपकल्प नव्हे, द्वीपच!

प्रश्न : लाटांनी किनाऱ्यालगत वाळूचे नवे बेट उभे केले, तर त्याला 'द्वीपकल्प' म्हणावे का? बातम्यांत तसे ऐकले.

उत्तर : ऐकले असेल. मीही ऐकतो आणि दर वेळी कपाळाला हात लावतो. 'कल्प' म्हणजे लहानही नव्हे आणि नवेही नव्हे. पाणिनीने (५.३.६७) हा प्रत्यय 'किंचित उणे' या अर्थी सांगितला आहे. मृतकल्प माणूस अजून मेलेला नसतो, आणि द्वीपकल्पाचेही द्वीप व्हायचे राहिलेले असते; एका अंगाने ते जमिनीला चिकटलेलेच असते.

खरी गंमत आहे ती 'द्वीप'मध्ये. द्वि + अप्, दोहों बाजूंना पाणी. समीप, प्रतीप, अंतरीप यांतला 'ईप'ही याच 'अप्'चा. कोशकार इथे 'दोन बाजूंना म्हणजे सगळीकडून' अशी सारवासारव करून पुढे सरकतात. मला ते मुळीच पटत नाही. चारी बाजूंचे पाणी दिसत असताना शब्द घडवणारा दोनच का मोजेल? माझ्या मते त्याच्या डोळ्यांपुढे लांबलचक, अरुंद वाळूची पट्टीच असणार : अलीकडे खाजण, पलीकडे समुद्र. टोकांकडे बघतो कोण!

ही पट्टी घडते कशी, तेही पाहा. लाट किनाऱ्यावर तिरकी चढते, पण ओसरते ती थेट उतारावरून. त्यामुळे दर लाटेसरशी वाळूचा कण किनाऱ्याच्या कडेने थोडा पुढे सरकतो. किनारा आत वळतो तिथे प्रवाह मंदावतो, वाळू खाली बसते आणि जमिनीला जोडलेला वाळूचा दांडा लांबत जातो. मग एखादे वादळ तो मुळाशी फोडते. अमेरिकी भूवैज्ञानिक गिल्बर्टची १८८५ सालची ही उपपत्ती मला फार प्रिय, कारण फुटला की दांड्याचा 'कल्प' गळतो आणि उरते द्वीप! फ्रेंच भूवैज्ञानिक एली द बोमाँने १८४५ मध्येच सांगितले होते की लाटा तळाची वाळू ढवळून उथळ पाण्यात तिचा बांध रचतात. काही ठिकाणी तसेही घडते, पण त्यात शब्दाची मौज नाही.

अमरकोश द्वीपाला 'पाण्यातला तट' म्हणून मोकळा होतो, पुलिनाची व्याख्या मात्र झकास करतो : 'तोयोत्थितं तत्पुलिनम्', पाण्यातून वर आलेले. आपली पुळण त्यातूनच आली. २०१७ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात केप पॉइंटजवळ वर आलेले शेली आयलंड अस्सल पुलिन होते. सुमारे दीड किलोमीटर लांब, आणि वर्षभरात नाहीसेही झाले.

तेव्हा बेट म्हणा, द्वीप म्हणा. फक्त 'द्वीप'मधला 'द्वी' ऱ्हस्व काढू नका. द्विप म्हणजे हत्ती.