जर्मनीचा स्टुडंट व्हिसा: एजंट लावू की स्वतः करू, आणि नावाच्या स्पेलिंगचं काय करू?

तुम्ही विचारलंय की पुढच्या ऑक्टोबरला जर्मनीत मास्टर्सला जायचंय, एजंट कागदपत्रांचे चाळीस हजार मागतोय, द्यावेत का, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं आहे ते चालेल का. मी २०२४ ला बार्शीहून आलो, सगळं स्वतःच केलं. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण खरी भानगड तिथंच आहे.

माझ्या वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. दहावीच्या मार्कशीटवर ते डी-एन-वाय नं सुरू होतं आणि शेवटी डब्ल्यू, पासपोर्टवर डब्ल्यूच्या जागी व्ही, आणि वडिलांच्या बँक खात्यावर चक्क जी-वाय-ए, खातं उघडणारे साहेब हिंदीवाले असावेत. वीस वर्षं कुणाला काही फरक पडला नाही, लोनची फाइल टाकली आणि बँकेचा वकील म्हणाला की हे तिघं जण कोण? गंमत म्हणजे तारण दिलेल्या एनए प्लॉटच्या उताऱ्यावर नाव एकदम बरोबर, कारण उतारा मराठीत, तिथं ज्ञ म्हणजे ज्ञच. (शेतजमीन दाखवायच्या भानगडीत पडू नका, आमच्या बँकेनं ती बघितलीसुद्धा नाही.)

तर आधी दहावीचं मार्कशीट पक्कं धरा आणि पासपोर्ट त्याला जुळवून घ्या, बाकी सगळं नंतर. ॲडमिशन लेटर, ब्लॉक्ड अकाउंट (तिकडचा वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं), विमा, व्हिसा, सगळ्यांवर पासपोर्टवरचंच नाव चढतं, मग मधेच पासपोर्ट बदलला की सगळीकडे दुरुस्तीचे ईमेल करत बसा. री-इश्यूची फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,०००. बँकेतलं नाव मी आधार आणि तहसीलबाहेरच्या नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र देऊन बदलून घेतलं, त्याला तीन चकरा झाल्या, एकदा साहेब रजेवर, एकदा सर्व्हर डाऊन. मार्कशीटवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी याचं मात्र टेन्शन घेऊ नका, महाराष्ट्रातल्या सगळ्यांचं तसंच असतं.

पासपोर्ट हातात आला की लगेच एपीएस. नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना हे सर्टिफिकेट लागतं, तुमची डिग्री खरी आहे का ते तपासतात, फी १८,००० रुपये. किती आठवडे लागतील ते गर्दीवर आहे, त्यामुळे ॲडमिशन मिळेल मग करू असं म्हणत बसू नका, बऱ्याच युनिव्हर्सिट्या अर्जालाच ते मागतात.

पैसे: ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ तुमच्या हातात. मी जुलैत अर्ज केला तेव्हा ११,२०८ होते, सप्टेंबर २०२४ पासून वाढले, माझ्या मागून अर्ज करणाऱ्या मित्राला ऐनवेळी वरचे सातशे युरो गोळा करायला लागले. म्हणून रक्कम भरायच्या दिवशी परत एकदा दूतावासाच्या साइटवर बघा, यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका. आणि लोन सँक्शन झालं म्हणजे पैसे आले असं नाही, बँकेतून युरो बाहेर पाठवायला फॉर्म, सह्या यात आठवडा सहज जातो.

आता एजंट. मी एकाकडे जाऊन आलो होतो, त्याच्या यादीत पहिलंच काम होतं सगळ्या मार्कशीटचं अपॉस्टिल (कागद परदेशात खरा धरावा म्हणून सरकारकडून घ्यायचा शिक्का), त्याचे वेगळे पैसे. जर्मनीनं भारताच्या अपॉस्टिलला आक्षेप घेतलेला आहे, दोन देशांत ते चालतच नाही! ही साधी गोष्ट ज्याला माहीत नाही त्याला चाळीस हजार कशाला द्यायचे. अर्ज आता ऑनलाइन पोर्टलवर भरता येतो, चेकलिस्ट दिलेली असते, व्हिसा फी ७५ युरो. फक्त घाई करू नका, कारण आधी व्हिसा नाकारला तर फुकटात फेरविचाराचा अर्ज करता यायचा, तो प्रकार जुलै २०२५ पासून बंद झाला. आता एकतर नवीन अर्ज करा नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जा.

फोटोसाठी दुकानदाराला ३५ बाय ४५ मिलिमीटर असं स्पष्ट सांगा आणि गोरा करू नको म्हणून दोनदा सांगा. माझा पहिला फोटो असा काही उजळवला होता की आईनंच विचारलं, हा कोण?

अजून एक, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये तुमच्या नावापुढे वडिलांचं नाव असेल तर इथले लोक ते दोन्ही तुमचंच नाव धरतात. विमा कंपनीचं पहिलं पत्र मला 'ज्ञानेश्वर' म्हणूनच आलं. रूम मिळाली की त्याच दिवशी लेटरबॉक्सवर आडनाव चिकटवा, मी चिठ्ठी लावली नव्हती तर बँकेच्या पिनचं पाकीट परत गेलं आणि पहिले पंधरा दिवस मित्राच्या पैशांवर काढले.

एपीएसच्या फॉर्ममध्ये कुठं अडलात तर खाली कमेंटमध्ये विचारा, रात्री बघून सांगतो.