समुपदेशन अनुभव : ‘पाणी परत घालणार नाहीत ना?’

माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती घरांतल्या तरुण माणसांकडून एक प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतो. लहानपणापासून ज्या प्रोटेस्टंट मंडळीत वाढलो तिथे आता मन लागत नाही, चार ठिकाणी जाऊन पाहिले, कॅथलिक चर्चमध्ये शांत वाटते. पण तिकडे गेलो तर आईवडिलांनी आयुष्यभर जे मानले ते चुकीचे होते, असे आपणच जाहीर केल्यासारखे होईल का? मी स्वतः ख्रिस्ती नाही, त्यामुळे कोणते चर्च खरे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. मात्र या प्रश्नात काय काय गुंतलेले असते, ते मला एका बाईंमुळे नीट कळले. त्यांना इथे सुहासिनी म्हणते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

सुहासिनी मूळच्या नगरच्या, पुण्यात एका बँकेच्या कर्ज विभागात अधिकारी, वय छत्तीस. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 पासूनचे, आणि त्यांच्या घरातली ही पाचवी पिढी. वडील मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. उत्तर भारतातल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या 1970 मध्ये नागपुरात एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा वडील कॉलेजात होते आणि त्या दिवसांतल्या वादांविषयी ते अजूनही जेवताना बोलतात. घरात ‘उपासना संगीत’मधली गीते तोंडपाठ, आणि ‘रोमन’, म्हणजे कॅथलिक, हा शब्द किंचित आवाज खाली आणून उच्चारण्याची पद्धत. राहुरी-संगमनेरच्या पट्ट्यात जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांनी काम सुरू केल्यापासूनची ही चुरस आहे. एका गावात दोन क्रूस, दोन स्मशानभूमी आणि ‘आपले’ कोण, ‘त्यांचे’ कोण याची पक्की मोजदाद.

पहिल्या भेटीला त्या एक वही घेऊन आल्या. बँकेतला माणूस कर्जाचा प्रस्ताव तपासतो तशी त्यांनी पुण्यातल्या सात चर्चची तपासणी केली होती. आखलेले रकाने : प्रवचन, संगीत, माणसे, घरापासूनचे अंतर, मुलाला शब्बाथ शाळा आहे का. प्रत्येक रकान्यात दहापैकी गुण. एका फेलोशिपमध्ये संगीताला नऊ आणि माणसांना दोन गुण होते. तिथे कोणीतरी त्यांना सांगितले होते की आईच्या आठवणीने अजून रडू येते याचा अर्थ विश्वास कमी पडतो. शेवटच्या ओळीत एक कॅथलिक चर्च होते. त्याच्यापुढचे सगळे रकाने रिकामे होते, फक्त कडेला बारीक अक्षरात लिहिले होते : ‘बुधवार, 6.30. कोणी काही विचारले नाही.’

आईचे निधन एप्रिल 2021 मध्ये झाले होते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत सुहासिनींना नगरला पोहोचता आले नाही. दफन कोणीतरी मोबाइलवर दाखवले, मध्येच रेंज गेली. त्यानंतर त्यांना रविवारच्या उपासनेत बसवेना, कारण आई ज्या बाजूला बसायची ती बाजू. पुढे बँकेतल्या एका कॅथलिक मैत्रिणीबरोबर त्या नाना पेठेतल्या सिटी चर्चमध्ये गेल्या. पेशव्यांच्या फौजेतल्या कॅथलिक शिपायांसाठी सवाई माधवरावांच्या काळात, 1792 मध्ये, दिलेल्या जागेवरचे हे चर्च. नंतर त्या घराजवळच्या चर्चमध्ये एकट्याच जाऊ लागल्या. तिथे मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, सुरुवातीला फादरांनी ज्यांच्यासाठी ती मिस्सा अर्पण होती त्या मृत व्यक्तींची नावे वाचली. सुहासिनी म्हणाल्या, “मॅडम, आमच्याकडे माणूस गेला की तो प्रभूकडे गेला. सांत्वनाची उपासना होते, गीत होते, जेवण होते आणि मग त्याच्यासाठी करण्यासारखे काही उरतच नाही.”

इथे माझी चूक झाली. ही शोकाची गोष्ट आहे, धर्माची नाही, असे मी मनात ठरवून टाकले आणि तिसऱ्या भेटीत जरा घाईने तसे बोलूनही दाखवले : आईचा निरोप घेता आला नाही, ते अपुरे राहिलेले काम तुम्ही चर्चकडून पूर्ण करून घेऊ पाहता आहात, असे तुम्हाला वाटते का? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही माझी श्रद्धा आजार म्हणून लिहून ठेवू नका.” पुढची भेट त्यांनी रद्द केली.

त्या परत आल्या तेव्हा मी आधी माफी मागितली. दुःखाने माणसाला एखाद्या दाराशी नेले, म्हणून दारापलीकडचे घर खोटे ठरत नाही. मात्र केवळ दार आवडले म्हणून घर विकत घेऊ नये, हेही तितकेच खरे. म्हणून आम्ही दोन कामे वेगळी केली. आईचा शोक माझ्याबरोबर, आणि कॅथलिक शिकवणीविषयीचे प्रश्न फादरांबरोबर. एका कामाचे उत्तर दुसऱ्यातून काढायचे नाही, एवढाच नियम.

पहिल्या कामासाठी त्यांनी आईला पत्रे लिहिली, एकदा एकट्याच नगरला जाऊन कबरीपाशी बसून आल्या, आणि मोबाइलवरचे ते अर्धवट चित्रण भावाच्या सोबतीने पूर्ण पाहिले. त्याविषयी इथे अधिक लिहीत नाही. दुसऱ्या कामात मात्र वाचकांच्या उपयोगाच्या बऱ्याच गोष्टी आहेत, कारण ज्या भीतीने त्यांची झोप उडाली होती त्यातली निम्मी भीती निव्वळ ऐकीव माहितीची होती.

सगळ्यात मोठी भीती बाप्तिस्म्याची. कॅथलिक व्हायचे तर पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल, म्हणजे आईने हातात धरून दिलेला बाप्तिस्मा रद्द, असे त्यांनी गृहीत धरले होते. फादरांनी पहिल्याच भेटीत सांगितले की पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करते आणि तो दुसऱ्यांदा दिला जात नाही. चर्चच्या भाषेत तर अशा व्यक्तीचे ‘धर्मांतर’ होतच नाही, तिला ‘पूर्ण सहभागात’ स्वीकारले जाते : आधी फादरांपुढे पापनिवेदन, मग विश्वासाची कबुली, दृढीकरण (बाप्तिस्म्याला बळकटी देणारा संस्कार) आणि परमप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर). या विधीच्या नियमांतच म्हटले आहे की आवश्यकतेपेक्षा अधिक ओझे अशा व्यक्तीवर लादू नये. दोन बाप्तिस्माप्राप्त प्रोटेस्टंट व्यक्तींचा विवाहही सर्वसाधारणपणे वैध मानला जातो, त्यामुळे नवऱ्याशी पुन्हा लग्न लावण्याचा किंवा त्यानेही कॅथलिक झालेच पाहिजे असा प्रश्न नव्हता. (हिंदू किंवा बौद्ध घरातून येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना संपूर्ण दीक्षाकाळातून जावे लागते, आणि अनुसूचित जातीतल्या माणसाला 1950 च्या राष्ट्रपती आदेशामुळे आरक्षणावर होणारा परिणामही आधीच नीट समजून घ्यावा लागतो.)

सोप्या गोष्टींबरोबर अवघड गोष्टीही समोर आल्या, आणि त्या फादरांनी गुळगुळीत करून सांगितल्या नाहीत याचे मला कौतुक वाटले. सुहासिनी एकदा नकळत रांगेत उभ्या राहून परमप्रसाद घेऊन आल्या होत्या. पूर्ण सहभागात येईपर्यंत तसे करता येत नाही, असे त्यांना स्पष्ट सांगण्यात आले. त्या दुखावल्या. “आमच्या प्रभुभोजनात तर पाहुण्यालाही बोलावतात,” असे त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या. मग मरिया, पोप, पापनिवेदन आणि शुद्धिस्थान, म्हणजे स्वर्गात जाण्यापूर्वी मृतात्मे शुद्ध होतात ती अवस्था. मृतांसाठीच्या प्रार्थनेचा आधार म्हणून फादरांनी मक्काबींचा दुसरा ग्रंथ दाखवला, त्यात यहूदा लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी यरुशलेमला अर्पण पाठवतो. सुहासिनींनी घरी जाऊन आईचे बायबल उघडले तर तो ग्रंथ त्यात नव्हताच, कारण त्यात सहासष्ट पुस्तके आणि कॅथलिक बायबलमध्ये त्र्याहत्तर. ज्या गोष्टीसाठी त्या कॅथलिक चर्चकडे ओढल्या गेल्या होत्या, नेमकी तीच गोष्ट आईच्या बायबलाबाहेर होती. हे त्यांनी मला सांगितले तेव्हा त्या रडल्या नाहीत, हसल्या.

मी त्यांना एकच अभ्यास दिला. विश्वासाच्या कबुलीत माणूस म्हणतो की चर्च जे जे परमेश्वराने प्रकट केलेले म्हणून मानते व शिकवते, ते सर्व मी मानतो. हे वाक्य रोज मोठ्याने म्हणून पाहायचे आणि जीभ कुठे अडखळते ते लिहायचे. रकान्यांची वही याच कामी आली. गुण देणे मात्र बंद.

वडिलांना सांगणे त्या चार महिने टाळत होत्या. शेवटी भाग पडले, कारण बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता आणि तो नगरच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत होता. मी त्यांना एवढेच सुचवले होते की सांगताना ‘मी चर्च बदलते आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका, जे शोधता आहात त्याने करा. त्यांनी बुधवारच्या मिस्सेपासून सुरुवात केली. आईचे नाव येताच वडील ऐकू लागले. मग त्यांनी तासभर वाद घातला. तारण कृपेने, विश्वासाद्वारे, कर्मांनी नव्हे, हे इफिसकरांस पत्रातले वचन त्यांनी तीनदा म्हणून दाखवले. सुहासिनींनी तयारी केली होती. नीतिमान ठरवले जाण्याच्या याच प्रश्नावर प्रोटेस्टंटांपैकी लुथरन मंडळ्यांच्या जागतिक संघाने आणि कॅथलिक चर्चने 1999 मध्ये संयुक्त जाहीरनामा केला आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक संघही त्यात आला, हे त्यांनी सांगितले. वडिलांना ते ठाऊक नव्हते आणि पटलेही नाही. पुढाऱ्यांच्या सह्यांनी विश्वास ठरत नसतो, असे ते म्हणाले. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, तरी ते पोपकडे गेले नाहीत, हेही ऐकवून झाले. त्यावर सुहासिनींनी पंडिता रमाबाईंचे नाव काढले. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला आणि नंतर त्याच चर्चच्या भगिनींशी पत्रांतून एकेका मुद्द्यावर वाद घातला, तरी त्यांना कोणी अविश्वासू म्हणत नाही. शाळेतल्या मास्तरला आपल्याच उदाहरणांनी उत्तर मिळाले की तो रागावतो आणि मनातून सुखावतोही, तसे काहीसे झाले असावे.

दाखला काढून देताना वडिलांनी विचारले, “पाणी परत घालणार नाहीत ना?”

“नाही, पप्पा.”

त्यांनी दाखल्याची घडी उलगडून सरळ केली. आईच्या नावावर बोट ठेवून ते वाचले, पालकांचा रकाना, पाळकसाहेबांची सही, आणि मग तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला. मरियेच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकण्याविषयी आपले मत बदललेले नाही, हे फाटकापर्यंत सोडायला येताना त्यांनी पुन्हा सांगितले.

मला वाटले होते की आता येत्या ईस्टरला सुहासिनी प्रवेश घेतील. त्यांनी घेतला नाही. शोक हलका झाल्यावरही ओढ टिकून होती, ते मलाही दिसत होते; पण वहीत दोन ठिकाणी जीभ अजून अडखळत होती, त्यातले एक पोपविषयीचे होते आणि दुसरे त्यांनी मला सांगितले नाही. अर्धे मानून पूर्ण कबुली देणे म्हणजे कागदपत्रे अपुरी असताना कर्ज मंजूर करण्यासारखे आहे, असे त्या म्हणाल्या. फादरांनीही घाई केली नाही. सध्या त्या बुधवारी मिस्सेला जातात, परमप्रसादाच्या वेळी मागच्या बाकावर बसून राहतात, आणि रविवारी नवरा व मुलाबरोबर जुन्या मंडळीत गातात. नोव्हेंबरच्या 2 तारखेला, मृतांच्या स्मरणदिनी, त्यांनी आईचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले. चिठ्ठीत पूर्ण नाव लिहायचे की नुसते ‘आई’, हे विचारायला त्यांनी आदल्या रात्री वडिलांना फोन केला होता. वडील म्हणाले, पूर्ण लिही, माहेरच्या नावासकट.