‘हो’ नसलेल्या भाषेत होकार कसा द्यायचा?

प्रश्न : ताई, महिनाभरापासून मी तोकी पोना ही रचलेली भाषा शिकतोय. शब्द जेमतेम सव्वाशे, त्यामुळे पाठ लवकर झाले. पण त्यांत ‘हो’ कुठेच नाही. कुणी ‘येतोस का?’ विचारलं तर काय म्हणायचं? आणि ‘येत नाहीस?’ असं विचारलं तर?

उत्तर : तुमच्या नजरेतून काही सुटलेलं नाही. कॅनडाच्या सोन्या लँग यांनी २००१ मध्ये ही भाषा मांडली, त्यात ‘हो’साठी वेगळा शब्द ठेवलाच नाही. प्रश्नातलं क्रियापद उचलायचं आणि परत करायचं, हाच होकार.

‘सिना कामा आला कामा?’ म्हणजे ‘तू येतोस-नाही-येतोस?’ येणार असाल तर ‘कामा’, नसाल तर ‘कामा आला’ किंवा नुसतं ‘आला’. चिनी भाषेत ‘लाय बु लाय?’ असंच विचारतात आणि ‘लाय’ किंवा ‘बु लाय’ असं उत्तर देतात.

आपल्याला हे परकं वाटू नये. ‘निघालास का?’ ‘निघालो.’ ‘समजलं का?’ ‘समजलं.’ यात ‘हो’ कुठे आहे? दिवसातून कितीदा तरी आपण क्रियापदानेच होकार देतो, फक्त तिकडे लक्ष जात नाही. मला तर या भाषेने माझ्याच मराठीकडे कान द्यायला लावलं, आणि त्यासाठी मी तिची ऋणी आहे.

मराठी कानाला खरा त्रास होतो तो ‘आला’चा. तिथे त्याचा अर्थ ‘नाही’. शिकायला लागले तेव्हा कुणीतरी ‘ओना ली कामा आला’ म्हणालं आणि मी खुशाल ‘तो आला’ असं समजून वाट बघत बसले. वाक्याचा अर्थ होता ‘तो येत नाही’. त्यानंतर कित्येक दिवस मी ‘आला’ ऐकलं की मनात आधी ‘नाही’ म्हणायचे, मग पुढचं ऐकायचे. तुम्हीही ही सवय लावून घ्या. (उलट ‘मी’ म्हणजे मीच, तेवढं एक फुकट मिळतं!)

प्रश्नात दोन क्रियापदं आली की नवे लोक अडखळतात. ‘सिना विले आला विले कामा?’ म्हणजे ‘तुला यायचंय का?’ इथे दुहेरी आलंय ते ‘विले’, म्हणजे इच्छा. म्हणून उत्तरही ‘विले’. ‘कामा’ म्हणालात तर इच्छेचं उत्तर राहूनच जातं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला तोच जास्त आवडला. ‘येत नाहीस?’ याला मराठीत नुसतं ‘हो’ म्हटलं तर ऐकणारा गोंधळतो : ‘हो, येत नाही’ की ‘हो, येतोय की’? एस्पेरांतो या दुसऱ्या रचलेल्या भाषेत ‘येस’ (हो) आणि ‘ने’ (नाही) असे दोन्ही शब्द आहेत, तरी नकारार्थी प्रश्नापुढे तिथेही हाच घोळ होतो. कुणी प्रश्नाशी सहमत म्हणून ‘येस’ म्हणतो, कुणी त्याच अर्थाने ‘ने’. म्हणजे शब्द असून भागत नाही. तोकी पोनात ‘सिना कामा आला, आनु सेमे?’ म्हणजे ‘येत नाहीस, की काय?’ असं विचारलं, तर ‘मी कामा’ किंवा ‘मी कामा आला’ एवढं पूर्ण सांगा. इथे मात्र एकटं ‘आला’ टाळा. ते प्रश्नातल्या नकाराला दुजोरा देतं की तो खोडून काढतं, हे समोरच्याला कळत नाही.

‘लोन’ हा शब्द तुम्ही होकारासारखा ऐकला असेल. ‘आहे, खरं आहे’ असा त्याचा भाव. कुणी काही विधान केलं की त्याला दाद द्यायला तो छान आहे. प्रश्नांच्या उत्तरातही लोक वापरतात, पण पहिले काही महिने तुम्ही वापरू नका. एकदा त्याची सवय लागली की क्रियापद कानात भरायच्या आतच ‘लोन’ तोंडातून जातं.