एका वेळी टेबलावर एकच डबा

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

बाळ दोन वर्षांचं झालं, रात्री शांत झोपतं, आणि तू खोक्यात बांधून ठेवलेली काडतुसं भरायची प्रेस पुन्हा बाहेर काढणार आहेस, हे कळून फार बरं वाटलं. गॅरेज नाही, झोपायच्या खोलीतला एक कोपरा तेवढा मोकळा आहे, याची खंत करू नकोस. रिलोडिंगला, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्यांत घरी पुन्हा काडतूस भरायला, निवांतपणा जास्त लागतो, जागा कमी. लहान टेबलावर पावडरचे, म्हणजे बंदुकीच्या दारूचे, दोन डबे मावतच नाहीत, आणि तसंच हवं. काम चालू असताना समोर एकच डबा. तो बंद करून कपाटात गेला की मगच दुसरा बाहेर.

प्रेस जाड प्लायवूडच्या तुकड्यावर बोल्टने बसव आणि तो तुकडा शिकंज्यांनी टेबलाला आवळ. रायफलच्या .३०८ च्या पुंगळ्या फुल-लेंग्थ डायमधून, म्हणजे त्यांना मूळ मापात दाबणाऱ्या साच्यातून, काढताना सगळं टेबल उचललं जातं, म्हणून खालच्या फळीवर वजन ठेव. एका ओढीत अनेक क्रिया करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह प्रेसचा मोह सध्या आवर. सिंगल-स्टेजवर दांडा एकदा ओढला की एकच क्रिया होते आणि तिच्यावर नजर राहते.

कामाची वाटणी अशी कर. पुंगळ्या पुसणं, जुने प्रायमर (तळाच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोप्या) काढणं, सायझिंग (मापात दाबणं), ट्रिमिंग (वाढलेली लांबी कापणं) ही कामं बाळ झोपल्यावर वीस-वीस मिनिटांत तुकड्यातुकड्याने झाली तरी चालतात. पावडर भरणं मात्र एका बैठकीत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. रिव्हॉल्व्हरच्या .३८ स्पेशलची पुंगळी काळ्या दारूच्या जमान्यातली, पोटाने मोठी. आजची जलद पावडर तिच्यात तळाशी जेमतेम दिसते, त्यामुळे चुकून दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही. म्हणून रिकाम्या पुंगळ्या ब्लॉकमध्ये (भोकांच्या फळीत) तोंड खाली करून ठेवायच्या, भरली की तोंड वर. पन्नास झाल्या की एकही गोळी बसवण्याआधी टॉर्च तिरपा धरून सगळ्यांत डोकावायचं. पावडरची पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. मधेच बाळ रडलं आणि उठावं लागलं, तर परतल्यावर अंदाजाने पुढे जाऊ नकोस. सगळी पावडर डब्यात ओत आणि पहिल्यापासून सुरुवात कर. पावडर कमी पडली किंवा पडलीच नाही, तर गोळी नळीत अडकून बसते. रेंजवर आवाज दबका आला की तिथेच थांब, बंदूक रिकामी कर आणि नळी आरपार मोकळी आहे का ते बघ. त्या क्षणी घाईने मारलेली पुढची गोळी नळी फोडते.

जुन्या साठ्याबद्दल मी कडक आहे. पावडरचा डबा उघडल्यावर आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूळ दिसली, तर ती पावडर गेली. लेबल नसलेली पावडर कितीही चांगली दिसो, वापरायची नाही. पावडर मोजून टाकणाऱ्या मेझरच्या हॉपरमध्ये, वरच्या नळकांड्यात, तेव्हापासून राहून गेलेलीही नाही. यातलं काही कचऱ्यात टाकू नकोस, तुमच्या अग्निशमन दलाला विचारून निकाल लाव. वहीतले तुझे जुने आकडेसुद्धा बाजूला ठेव. नवं मॅन्युअल घे आणि त्यातल्या सुरुवातीच्या लोडपासून (पावडरच्या सर्वांत कमी मापापासून) पुन्हा वर चढ, कारण आता पावडरचा लॉट वेगळा आहे, प्रायमरही वेगळे.

आता सर्वांत काळजीची गोष्ट, शिसं. वापरलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, आणि पुंगळ्या घोळवून साफ करणाऱ्या कोरड्या टम्बलरची धूळ ते खोलीभर पसरवते. तुझं मूल कार्पेटवर रांगतं, बसतं, हात तोंडात घालतं. घरात कोरडा टम्बलर लावूच नकोस. ओली धुलाई कर, तीही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको, आणि पुंगळ्या जेवणाच्या ओव्हनमध्ये वाळवू नकोस. टेबलाखाली लिनोलियम अंथर आणि ओल्या फडक्याने पूस. कामाचा शर्ट वेगळा, टेबलावर चहा नाही, उठल्यावर साबणाने थंड पाण्यात हात. डॉक्टरांकडून बाळाची आणि तुझी रक्तातल्या शिशाची तपासणी करून घे.

साठ्याचं म्हणशील तर अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संहितेत (एनएफपीए ४९५) घरी मूळ डब्यांत २० पौंड धूरविरहित पावडर आणि १०,००० प्रायमर ठेवता येतात. पण शहराचे नियम आणि तुझा भाडेकरार याहून कडक असू शकतात, ते आधी वाच. स्वतःपुरती काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. तेव्हा रेंजवरच्या कुणाला पैसे घेऊन एक डबीही देऊ नकोस. तू ग्रीन कार्डवर आहेस, ठीक. एच-वन-बी वरच्या तुझ्या मित्राने मात्र हात घालण्याआधी वकिलाला विचारावं. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर त्या व्हिसावर काडतूस बाळगणंही गुन्हा ठरतो.

आणि रेंजची बॅग भारतात जाताना कधीच वापरू नकोस. अस्तरात राहिलेलं एक काडतूस मुंबई विमानतळाच्या एक्स-रेत दिसलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते.

.३०८ च्या पुंगळ्या २.०१५ इंचापेक्षा लांब झाल्या असतील तर ट्रिमर विकत घेऊ नकोस. माझ्याकडे एक जास्तीचा आहे, शनिवारी येऊन घेऊन जा. येताना तुझा वजनकाटाही आण, माझ्या चेक-वेट्सवर (अचूक वजनांवर) तपासून बघू.

तुझा,
काका