चिनी विद्यार्थी 'ओपन द लाइट' असं का म्हणतात? 'ओपन' नेमका कुठे वापरायचा?

कारण त्यांच्या भाषेत 'खाइ' हे एकच क्रियापद सगळीकडे पुरतं. दार उघडणं 'खाइ मन', दिवा लावणं 'खाइ तंग', गाडी चालवणं 'खाइ छ'. बैठक घेण्यालाही 'खाइ'च. शाळेत 'खाइ म्हणजे ओपन' असं एकदा डोक्यात बसलं, की मग लाइट, टीव्ही, एसी सगळंच 'ओपन' होतं. बंद करायचं 'क्वान'. त्यामुळे 'क्लोज द लाइट'ही ओघाने आलंच.

आपण हसू नये. मराठीत 'दिवा लाव' म्हणजे सुरू कर आणि 'दार लाव' म्हणजे बंद कर! हे परक्या माणसाला समजावून बघा.

इंग्रजीत साधारण असं धरा: जे उघडल्यावर आतलं दिसतं किंवा आत जाता येतं, ते 'ओपन': दार, डबा, पुस्तक. बँकेतलं खातं आणि संगणकावरची फाइलसुद्धा. बटण दाबून सुरू होतं ते 'टर्न ऑन'. गाडीला 'ड्राइव्ह', 'ओपन द कार' म्हटलंत तर समोरचा दार उघडून देईल.

आणखी एक नेहमीची चूक: दुकान उघडं आहे हे सांगताना 'द शॉप इज ओपन' म्हणायचं, 'ओपन्ड' नाही.