दोन विषयांत एटीकेटी लागली (म्हणजे त्यात नापास, पण पुढच्या वर्गात प्रवेश). मेंटॉर सरांना भेटून उपयोग होतो का?

होतो, नक्की भेटा. फक्त 'अभ्यास जमत नाही' एवढंच सांगून परत येऊ नका. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा (अर्जाची मुदत कमी असते) आणि ती सरांसमोर ठेवा. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याहून जळगावला शिकायला आलेल्या कितीतरी पोरांचं घोडं विषयात नाही, इंग्रजी प्रश्नात अडतं. 'डिफाइन'ला (नुसती व्याख्या द्या) दोन पानं, 'डिराइव्ह'ला (पायरी-पायरीने सिद्ध करा) दोन ओळी! हे झेरॉक्स पाहिल्याशिवाय सरांनाही कळत नाही. मग जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्याकडूनच तपासून घ्या.

झोप उडाली असेल, घरी निकाल सांगायची धास्ती बसली असेल, तर मात्र कॉलेजच्या समुपदेशकाकडे आधी जा. नसतील तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.