देव चांगला आहे, तर निष्पाप माणसांच्या वाट्याला एवढं दुःख का? अशा वेळी विश्वास ठेवायचा तरी कसा?

'का' याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे ते तयार असतं, त्यांच्यापासून मी जरा लांबच राहतो.

माझं आजोळ किल्लारीच्या पट्ट्यातलं. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. लोकांनी 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणत गणपती बोळवले आणि दमून झोपले. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. लगेच कारणं निघाली: विसर्जनात काहीतरी चुकलं असेल, गावात पाप वाढलं असेल.

पाप कसलं? दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार राहतं, पण कोसळलं की खालचा माणूस वाचत नाही. कुडाच्या, गवती छपराच्या घरांतली माणसं त्यामानानं वाचली. चिरेबंदी वाड्यातले गेले आणि झोपडीतले राहिले, याचा पाप-पुण्याशी काय संबंध? पण भिंतीचं कळलं म्हणून सगळं कळलं असंही नाही. माझ्या मामीची दोन्ही लेकरं गेली. मामीही त्याच खोलीत होती, पण ती वाचली.

मामीनं देवघरात दिवा लावणं बंद केलं, देव मात्र बाहेर काढले नाहीत. रोज त्यांना शिव्या घालायची, "डोळे फुटले होते का रे तुझे?" समाचाराला आलेलं कुणी 'देवाला आवडतात ते लवकर जातात' म्हणालं, की त्याला उठवून लावायची. लोक म्हणायचे, हिची श्रद्धा गेली. मला तसं कधीच वाटलं नाही. ऐकणारं कुणी नाही असं वाटलं तर रोज भांडेल कोण?

तुकोबांचं उदाहरण तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. १६३० च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दिवाळं निघालं. पुढं ते म्हणाले, 'बरे झाले देवा निघाले दिवाळे'. पण हे त्यांनी स्वतःच्या दुःखाबद्दल म्हटलंय. दुसऱ्याच्या दारात जाऊन ते म्हणायचा हक्क कुणालाच नाही. आणि त्याच गाथेत 'माझे लेखी देव मेला' हेही आहे, ते मात्र कीर्तनात फारसं ऐकू येत नाही.

माझा विश्वास आहे. पण ती पहाट धरली तर हिशेब जुळत नाही, आणि मी तो ओढूनताणून जुळवत नाही.

तुमचा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा वाटत नाही, म्हणून सांगतो. पूजेला बसवत नसेल तर बसू नका. एकादशी मोडली तरी काही बिघडत नाही. बोलावंसं वाटलं तर शिव्या देत का होईना, त्याच्याशीच बोला. आणि घरी येऊन कुणी 'मागच्या जन्मीचं काहीतरी असेल' म्हणालं, तर त्याला चहासुद्धा विचारू नका.